पान दोनशे चौदा

बोन्दो कादंबरी परत द्यायला आला तेव्हा
मी बादलीत बटाटे धूत होते.
कव्हरवर तेलकट अंगठा उमटलेला.
"वाचली," म्हणाला. बसला नाही.

त्स्कालतुबोच्या या आरोग्यधामात
एके काळी खाणकामगार यायचे,
सरकारी खर्चाने, झऱ्याच्या ऊन पाण्यात
सांधे शेकायला.
मग त्र्याण्णवच्या शरदात आम्ही आलो,
सोखुमीचे, ओचामचिरेचे,
कुणी डोंगर तुडवत, कुणी बोटीत कोंबलेले,
आणि एकेका खोलीत एकेक घर मावलं.
संगमरवरी खांबांना दोऱ्या बांधल्या,
नाचाच्या दालनात चादरी वाळत घातल्या.
तात्पुरतं आहे, सगळे म्हणाले.
मी लिहायला बसले तोवर
त्या तात्पुरत्याला मिसरूड फुटली होती.

मला युद्ध लिहायचं होतं.
आधी तोफा लिहिल्या. तोफा सोप्या असतात.
पूल उडाला, बंदर जळालं,
चाळीस पानं सरसर झाली
आणि त्यांत माणूस असं कुणी नव्हतंच,
नुसती गर्दी, पळणारी, पाठमोरी.
ती पानं शेगडीत घातली.
बटाटे बरे शिजले त्या दिवशी.

मग बोन्दोकडे पाहिलं.
बोन्दो रात्री नळ दुरुस्त करत फिरतो.
तीनशे बारामधल्या बाईचा, खालच्या मजल्यावरचा,
कुणी बोलावो न बोलावो,
खिशात वायसर, हातात पाना.
थेंब पडत असला की त्याचा डोळा लागत नाही.
इथे त्याला कुणी वेडा म्हणत नाही.
आमचे नळ गळत नाहीत, एवढंच म्हणतात.

मी कारण शोधलं.
कादंबरीवाल्याला कारण लागतं,
गाठ नसली की आमचा दोरा निसटतो.
चुबेरीच्या वाटेवर, बर्फात,
एका मेंढवाड्याच्या छपराखाली
मी त्याला तीन रात्री बसवलं.
मांडीवर मुलगी दिली, तिला ताप दिला,
वरून वितळणारं बर्फ, टप, टप,
आणि पहाटे नुसती टपटप उरली.
पान दोनशे चौदा.
लिहिताना मी रडले.
तिबिलिसीत एका समीक्षकाने तेच पान वाचून दाखवलं,
सभागृहात रुमाल निघाले.

"सुरेख आहे," बोन्दो म्हणाला.
"पण पोरीला मारलंस तू.
माझी लामारा कुताईसीत आहे,
केस कापायचं दुकान आहे तिचं.
फोन करत नाही, ते वेगळं."

अकरा वर्षांत त्याने मुलीचं नाव काढलं नव्हतं.
मी म्हटलं, ती कादंबरी आहे, बोन्दो,
तो माणूस तू नाहीस.

"नाहीच. तो रडतो.
मी कुठे रडलो?
खिंडीत माझे मोजे भिजले, त्याचा राग आला मला.
घर गेलं, दुकान गेलं, भाऊ मागे राहिला,
आणि मी मोज्यांवरून
बायकोला शिव्या देत होतो, सबंध चढ,
कोरडे जोड तिने गाठोड्यात तळाशी घातले म्हणून.
ते लिही, जमलं तर."

त्याच्या खोलीत खाट एकच आहे.
मला ठाऊक होतं. विचारलं नाही.

"आणि नळ?"

तो बादलीतल्या गढूळ पाण्याकडे पाहत राहिला.
"गळतात म्हणून," म्हणाला,
आणि पुस्तक खिडकीत ठेवून गेला.
धुतलेलेच बटाटे मी पुन्हा धुतले.

रात्री वही उघडली. लिहिलं: मोजे.
त्याखाली ओल्या लोकरीचा वास लिहिता येईना,
चढावरचा त्याचा आवाज लिहिता येईना,
आणि ती, जिचं नावही मला माहीत नाही,
वाकून गाठोडं सोडणारी, बोटं बधिर,
ती तर मुळीच.

दोनच्या सुमारास मजल्यावर शांतता झाली.
कुठेच काही गळत नव्हतं.
मी उठले आणि माझ्या नळाची चकती
थोडी सैल केली.